हाकेला न येणारं जनावर

केराबाईच्या हाकेला न आलेलं जनावर अजून जन्माला यायचं होतं, असं ती स्वतःच सांगायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. सांगोल्याकडच्या माळरानावर मेंढरांच्या मागं तिचं लहानपण गेलेलं. शेळीला वेगळी हाक, मेंढराला वेगळी, कोंबडीला तीत्‌तीत्‌, कुत्र्याला यू-यू. पोरीनं बांधावर उभं राहून एक आरोळी दिली की ओढ्यापलीकडची बकरी चरायची थांबून मान वर करायची. तिचा बाप धुळाप्पा पोरीचं कौतुक करायचा आणि एक नियम सांगायचा. हाकेला येत नाही ते जनावर कळपात ठेवू नये. ते स्वतः तर चुकतंच, वर चार गरिबांना सोबत घेऊन जातं. असं जनावर तो पुढच्याच बाजाराला विकून मोकळा व्हायचा, मग ते कितीही देखणं असो.

या नियमाला केराबाईच्या संसारात एकच अपवाद होता, तो म्हणजे तिचा नवरा.

ज्ञानू चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. सारी हयात त्या धडधडीत गेली. शेडमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही सांगायचं तरी हातवारे करायला लागायचे, तोंडाचा उपयोग तंबाखूपुरता. घरी आल्यावर दोन-तीन हाका मारल्याशिवाय त्याची मान वळायची नाही. "अवो, ऐकू येतंय का?" म्हटलं की म्हणायचा, "येतंय की. वरडतीस कशाला?" आणि ताट वाढलं की मात्र बिनहाकेचा हजर. त्यामुळं केराबाईचा पक्का समज झाला होता की या माणसाचे कान चांगले ठणठणीत आहेत, ते फक्त बायकोपुरते बंद होतात. त्याच्यापायी तिचा आवाज इतका चढलेला, की जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या खालीच राहणारी शिवलीला म्हणायची, "केराकाकू, तुमच्याकडं आज भाजी कुठली ते मला जिन्यातनंच कळतंय बगा."

दिवाळी झाली आणि मालकानं जुने माग भंगारात काढले. नवी मशिनं दुसऱ्या शेडमध्ये आली, त्यांच्यावर नवी पोरं आली आणि जुन्या माणसांना हार-नारळ मिळाला. ज्ञानू घरी आला आणि गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला तो बसलाच. चहा दिला की घ्यायचा. भाजी आणा म्हटलं की आणायचा. काही विचारलं तर "हं". केराबाईनं आधी बडबड करून पाहिलं, मग भांडून पाहिलं. भांडणालाही "हं" आल्यावर ती घाबरली. उलट बोलणारा, ताट सरकवून देणारा नवरा तिला चालला असता, पण हा असा भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोत्यासारखा माणूस तिला बघवत नव्हता.

अशात एका दुपारी तो शेडमध्ये राहिलेला डबा आणि चपला आणायला म्हणून चिंचोळीला गेला आणि संध्याकाळी आला तो बारदानाचं पोतं छातीशी धरून. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं. ज्ञानूच्या दोन्ही हातांवर लाल ओरखडे, आणि पोतं आपोआप हलत होतं.

"काय हाय त्यात?" केराबाई दोन पावलं मागं सरकून ओरडली.

"कांडी हाय. आमच्या शेडमदली," ज्ञानू म्हणाला, आणि मग बोलतच सुटला. "माग काडून नेलं, आन् शटर उगडंच टाकलंय की. आत कुत्री शिरल्यात. हिची पिल्लं फाडली म्हणं त्यांनी. ही एकली कोपऱ्यात सुताच्या कचऱ्यात बसली हुती, लई थरथरत हुती. मला बघितलं आन् उठली. आता अशीला कशी टाकून येऊ? तूच सांग की."

केराबाईनं नकार जिभेवर आणून ठेवला होता, तो गिळला. एवढी वाक्यं तिनं दिवाळीपासून ऐकली नव्हती.

पोत्याचं तोंड सोडल्याबरोबर एक पांढरी झेप दिवाणाखाली गेली आणि पार भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. अंधारात निळसर डोळे तेवढे दिसत होते. मागाच्या धोट्यात सुताची कांडी घालतात, तशी पांढरी आणि निमुळती, म्हणून शेडमधल्यांनी तिचं नाव कांडी ठेवलेलं. जन्मापासून मागांच्या खाली राहिलेली, उंदरांवर पोसलेली, माणसाच्या मांडीवर कधी न बसलेली. अशा रानटी मांजराला फ्लॅटमध्ये नांदवायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं, हे केराबाईला कळत होतं. शिवाय दुसरी गोष्ट होती. पूनमचे दिवस भरत आले होते.

पूनम त्यांची एकुलती एक. सासर गावातच, नोकरी सात रस्त्याला एका ऑफिसात. शेवटपर्यंत कामावर जाणार म्हणाली, म्हणून दवाखान्यातून थेट माहेरी यायचं ठरलं होतं. घरात तान्हं लेकरू येणार, आणि दिवाणाखाली हे.

"ऐका," केराबाई ज्ञानूच्या पुढ्यात बोट नाचवत म्हणाली. "पूनी बाळ घिऊन यायच्या आत ही हाकेला आली पायजे. हाकेला येतंय ते जनावर ऐकतंय. पाळण्यापाशी गेलं आन् आपुन नगं म्हटलं, तर माघारी फिरतंय. न्हाय आली तर पुन्हा पोत्यात, आन् जितनं आणली तितं. कबूल?"

"कबूल," ज्ञानू म्हणाला. जिथनं आणली तिथं काय आहे, ते दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी पडली. ज्ञानूनं कोपऱ्यावरच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू आणून बाथरूमशेजारी ठेवली. दिवाणाच्या तोंडाशी दुधाची वाटी ठेवली आणि स्वतः फरशीवर पालथा पडून, गाल जमिनीला लावून, आत बघत बसला. पहिले काही दिवस वाटी भरलेलीच असायची आणि सकाळी उठून बघावं तर चाटूनपुसून लख्ख. मग कांडी त्याच्यादेखत प्यायला लागली. वाटी रोज टीचभर बाहेर सरकत होती, आणि तिच्या मागोमाग कांडीचं नाक, मिशा, एक पंजा.

पालथं पडल्या पडल्या ज्ञानू तिच्याशी बोलायचा. कुठला माग कसा अडायचा, कोण कुणाचा डबा खायचा, शिडीवर चढताना पडलेला एक जण कसा वाचला. केराबाई भाकरी थापता थापता कान देऊन ऐकायची. यातलं निम्मं तिला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. मांजराचा हेवा वाटावा हे काही तिला शोभत नव्हतं, पण वाटला. तरी तव्यावरची भाकरी उलटताना तिच्या मनात यायचं, बोलतोय ना, मग कुणाशी का बोलंना.

एक दिवस तो स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "चल, दावतो." तिनं दारातून पाहिलं. भाकरीच्या काल्यात चिमूटभर सुकट घालून त्यानं तळहात पुढं केला होता. कांडीनं सगळं खाल्लं आणि खाऊन झाल्यावर हनुवटी त्याच्या तळहातावर तशीच टेकवून ठेवली. ज्ञानूनं हात हलवला नाही. पुढं हाताला मुंग्या आल्या, तरी नाही.

सगळं चांगलं चाललं होतं, घोडं फक्त हाकेपाशी अडलं होतं.

केराबाईनं आपली सगळी विद्या पणाला लावली. मनी-मनी झालं, पुस-पुस झालं. लाडानं झालं, दटावून झालं. मग कोंबड्यांची हाक, मग करडांची. शेवटी पदर खोचून तिनं माळरानावरची ती अस्सल आरोळी दिली, जिच्यानं पलीकडची बकरी मान वर करायची. शिवलीला हातातलं पीठ तसंच घेऊन धावत वर आली. "काकू, कोण पडलं का काय की!" कांडी मात्र भिंतीकडं तोंड करून पंजा चाटत होती. तिनं साधं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माजुरी हाय," केराबाई संतापून म्हणाली. "ऐकून न ऐकल्यावानी करती. तुमच्याच शेडमदली न्हवं का!"

"शेडमदी येत हुती की," ज्ञानू केविलवाणा होऊन म्हणाला. "कांडी म्हटलं की मागाखालनं भायेर."

"मग आता काय झालंय तिला? हितं काय कुणी तिच्या तोंडाला कुलूप लावलंय, का कानाला?"

ज्ञानू पुन्हा फरशीवर पालथा पडला.

आणि मग ते ओरखड्याचं घडलं. जनावराच्या मागनं जाताना आधी आवाज द्यावा, ते दचकू नये, हा धनगराच्या लेकराला आईच्या दुधाबरोबर मिळालेला धडा. केराबाई त्या धड्याप्रमाणंच वागली. कांडी दाराकडं पाठ करून वाटीतलं खात होती. केराबाईनं लांबूनच मोठ्यानं आवाज दिला, "कांडे, मी येतीया गं बाय," पुन्हा एकदा दिला, आणि मग मायेनं पाठीवर हात ठेवला. कांडी जागच्या जागी हवेत उडाली आणि फिरली. मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताच्या चार रेघा उमटल्या. केराबाईनं हात साबणानं धुतला, दवाखान्यात जाऊन सुई घेतली आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसली. ओरखड्यापेक्षा अपमान जास्त झोंबत होता. हाक देऊन, सांगून-सवरून जवळ गेले, तरी हिनं बोचकारलं. उद्या पाळण्यातल्या जिवाचं काय?

त्याच आठवड्यात पूनम मोकळी झाली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या वॉर्डात बायकांनाच सोडत होते, म्हणून ज्ञानू घरीच राहिला. दवाखान्यात नात मांडीवर घेऊन केराबाई रडली, हसली, आणि सोडायचा दिवस कळल्यावर तिथंच मनाशी ठरवून टाकलं. घरी येऊन ती ज्ञानूला म्हणाली, "उद्या पूनी येतीया. आज सांजच्याला पोतं भरा."

"हं," ज्ञानू म्हणाला.

कितीतरी दिवसांनी तो "हं" आला होता. पण केराबाई मागं हटली नाही. ज्ञानूनं गॅलरीतून पोतं आणलं, झटकलं, घडी घालून दाराशी ठेवलं. त्याची बोटं घडीवरून उगाच फिरत राहिली. मग म्हणाला, "चिंचोळीचा वाचमन दूध घालंल का इचारून येतो," आणि चपला घालून गेला.

घरात केराबाई आणि दिवाणाखाली कांडी, दोघीच उरल्या. बाळंतिणीच्या लाडवांची तयारी व्हायची होती. केराबाईनं कुकर गॅसवर चढवला, लोखंडी खलबत्ता फरशीवर घेतला, पाय पसरून बसली आणि खारका कुटायला लागली. वाळलेली खारीक म्हणजे दगड. बत्ता दणादण पडत होता, फरशी हादरत होती, आणि मनातला सगळा राग, सगळं वाईट वाटणं ती त्या खारकांवर काढत होती.

सहज मान वर केली, तर दिवाणाखालून एक पांढरं डोकं बाहेर आलेलं.

मग मान, मग अंग, मग शेपूट. भर दुपारी, उघड्यावर. कांडी जमिनीला पोट घासत, थांबत, पुढं येत थेट स्वयंपाकघराच्या दारात आली. खलापासून हातभर अंतरावर तिनं बैठक मारली, चारही पंजे अंगाखाली घेतले, पोट फरशीला टेकवलं आणि डोळे मिटले. पार सुखावली. केराबाईचा हात थांबेना. थांबवला तर ही उठून जाईल, अशी तिला धास्ती वाटली. खारकांचं पीठ झालं तरी ती कुटतच होती.

मागं कुकरनं शिट्टी दिली, चांगली सणसणीत. केराबाई स्वतः दचकली. कांडीचा कानसुद्धा हलला नाही.

केराबाईचा बत्ता हळू झाला. ज्या मांजराला घरात येऊन महिना झाला नाही, ते कुकरच्या शिट्टीला छपरापर्यंत उडायला पाहिजे. तिनं कुटायचं थांबवलं. लगेच कांडीनं डोळे उघडले.

"कांडे," केराबाई हळू म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. मग तिनं उठून दोन झाकणं हातात घेतली, कांडीच्या पाठीमागं गेली आणि हवेतच एकमेकांवर आपटली.

"काय पडलं वो काकू?" खालून शिवलीलेचा आवाज आला. खाली ऐकू गेलं, आणि हातभरावर बसलेल्या कांडीला नाही.

केराबाई वाकली आणि बत्त्याचं टोक फरशीवर हलकेच ठोकलं. एकदाच. कांडीनं झटकन मान वळवून सरळ तिच्याकडं पाहिलं.

"अगं माझे बाय," केराबाई म्हणाली आणि होती तिथंच खाली बसली. "तुला ऐकूच येत न्हाय की गं."

मग सगळं एकामागून एक उलगडत गेलं. शेडमध्ये ही कशी राहिली, जिथं माणसं कापसाचे बोळे कानात घालून फिरायची. मागांची धडधड हिला कानानं नाही, पोटानं कळायची, आणि या घरात आल्यापासून तिच्या पोटाखाली सगळं मेल्यासारखं गप्प होतं. मागनं जाऊन आपण हात ठेवला, तो हिच्या दृष्टीनं कुत्र्याचाच जबडा असणार. आपण मारे आधी आवाज दिला. कुणाला दिला? केराबाईला आपल्या बापाचा नियम आठवला आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला. काळ्या कानाची एक बकरी त्यानं अशीच विकली होती, तिच्यासाठी लहानगी केरा दोन दिवस जेवली नव्हती. तिलाही ऐकू येत नव्हतं का? कुणी बघितलंच नव्हतं.

आणि मग तिला ज्ञानू आठवला.

धुळाप्पा गेल्याची बातमी आली ती सकाळ. पूनम शाळेत होती, ज्ञानू नुकताच घरातून निघाला होता. केराबाई अनवाणी धावत रस्त्यावर गेली. कारखान्याची बस उभी होती, तो पायरीवर पाय ठेवत होता, आणि तिनं पाठीमागून जीव खाऊन हाक मारली. तो वळला नाही. बसमध्ये चढला आणि गेला. बापाच्या मातीला ती लेकीला घेऊन एकटी गेली. संध्याकाळी तो धावतपळत गावात पोचला आणि म्हणाला, मला कुणी सांगितलंच न्हाय. केराबाईनं त्यावर एक अक्षर काढलं नाही, पण तेव्हापासून मनात एक गाठ मारून ठेवली होती, की याला ऐकू आलं होतं आणि हा खाडा पडेल म्हणून गेला. इतकी वर्षं ती गाठ घेऊन ती त्याला जेवायला वाढत होती. आता त्या खारकांच्या पिठापुढं बसून तिला रडू आलं, आणि ते लवकर थांबेना. कांडी जवळच होती, पंजे पोटाखाली घेऊन.

कडी वाजली. ज्ञानू आत आला, दाराकडं तोंड करून चपला काढल्या, वाकून पोतं उचललं आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "वाचमन हो म्हणला."

केराबाईनं सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती उठली, त्याला वळसा घातला आणि त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"कांडी भैरी हाय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. तो कायम तसंच बघत आला असणार, आणि हे तिच्या आज लक्षात येत होतं.

"म्हंजी?"

तिनं त्याचा हात धरून आत नेलं. कांडी बिचकून दिवाणाखाली गेली होती. केराबाईनं बत्ता फरशीवर ठोकला. पांढरं डोकं बाहेर आलं. पुन्हा ठोकला. कांडी चालत आली आणि दोघांच्या मधोमध बसली.

ज्ञानूनं वाकून कांडीपुढं तळहात धरला. मग खाली बसला. "पाय आपटायचो मी," तो सावकाश म्हणाला. "शेडमदी. मागापुढं फळी असती की, तिच्यावर. तितं कुनालाबी बोलवायचं तर तसंच. तोंडानं कांडी कांडी म्हणायचो, आन् पाय आपसूक आपटायचा. मला वाटलं हाकेलाच येती." तो हसायला लागला. "माझी हाक मलाच ऐकू यायची न्हाय, तिला कुटनं यायची?"

हसता हसता त्याचा आवाज फुटला. त्यानं पोतं मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडं बघत म्हणाला, "केरा, मलाबी येत न्हाय."

"काय?"

"ऐकू. लई दिस झालं."

केराबाई त्याच्यासमोर सरकून बसली.

"मागात दोरा तुटला तर आवाजावरनं कळतंय माणसाला," ज्ञानू म्हणाला. "मुकादमाला कळलं असतं, तर मागावरनं काडून झाडू दिला असता हातात. म्हणून येतंय येतंय म्हणायचो. मग सवयच लागली त्याची."

"आन् मला? मला का सांगितलं न्हाय?"

ज्ञानूनं तिच्या ओठांकडं पाहिलं, आणि मग एकदाचं डोळ्यांकडं. "तुला सांगितलं असतं, तर तू वरडायची थांबली असतीस. बिचारा म्हणून गप बसली असतीस. तुजं वरडणं तेवढंच वाईच ऐकू येतंय मला."

केराबाईनं पदर तोंडाला लावला. बसची सकाळ तिच्या घशापर्यंत आली होती, पण ती तिनं काढली नाही. काढायची गरज उरली नव्हती. तिनं त्याच्या मांडीवरचं पोतं ओढून घेतलं, गॅलरीत नेलं, आणि पंधरवड्याचे कांदे पसरलेले होते ते सगळे त्यात भरून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दाराशी थांबली. केराबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. जावयानं पूनमला हात देऊन उतरवलं. ज्ञानू रिक्षाच्या पलीकडच्या अंगाला पाठमोरा उभा राहून पिशव्या काढत होता.

"आप्पा!" पूनमनं बाळ छातीशी धरून हाक मारली. "आप्पा, बघा की!"

पिशवी निघत नव्हती, तो ओढत राहिला. पूनमचा चेहरा उतरला. "आई, आप्पांना आनंदच झाला नाही वाटतं. मुलगी झाली म्हणून का?"

"तसं म्हणू नगंस," केराबाई चटकन म्हणाली. "त्यांना ऐकू येत न्हाय, पूने. पुढं जाऊन हुबी ऱ्हा."

भर रस्त्यात, रिक्षावाल्यादेखत, वरून वाकून बघणाऱ्या शिवलीलेदेखत तिनं हे सांगितलं. पूनम रिक्षाला वळसा घालून बापाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि दुपट्याचं टोक बाजूला केलं. ज्ञानूच्या हातातून पिशवी सुटली. त्याचं तोंड असं फुललं, की पूनमला रडू आवरेना. केराबाईनं भाकरतुकडा ओवाळून दोन्ही अंगांना टाकला, लेकी-नातीच्या पायावर पाणी घातलं आणि सगळ्यांना वर घेतलं.

वर आल्या आल्या पूनमची नजर दिवाणावर गेली. कांडी उशीच्या खोबणीत वेटोळं करून झोपली होती. "आई, मांजर? तू तर म्हणाली होतीस..."

"ऱ्हाणार हाय ती हितंच. पाळणा लावलाय आतल्या खोलीत, दार लावून घ्यायचं. आन् कदी जवळ आलीच तर पाय आपटायचा, हाक मारायची न्हाय. आमी दोगांनी कालधरनं बघितलंय की, पाय आपटणाऱ्याकडं लगीच माघारी येती."

"आणि हाकेला येत नाही ते जनावर ठेवू नये म्हणायचीस ते?"

"माजा बा म्हणायचा. त्याला सगळंच कळत हुतं असं काय न्हाय."

एवढ्यात बाळ उठलं. इवलासा जीव, पण रडणं असं, की शिवलीला साखरेचा डबा घेऊन जिन्यातच होती ती धावत आत आली. जावई गडबडला, पूनम घाईघाईनं दुपटं सोडायला लागली. सबंध घरात फक्त कांडी निवांत झोपली होती.

"आना हिकडं," म्हणत ज्ञानूनं नातीला मांडीवर घेतलं. तिचं लालबुंद तोंड, हलणारी जीभ, आवळलेल्या मुठी तो वाकून बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि केराबाईला शोधलं. सगळ्यांसमोर, कुणाला न लाजता त्यानं विचारलं, "रडतीया व्हय गं?"

"व्हय," केराबाई म्हणाली. "लई."

"आवाज कसा हाय?"

केराबाई त्याच्यासमोर फतकल मारून बसली, त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून खिडकीकडं तोंड केलं, आणि एकेक शब्द सावकाश सांगायला लागली.